रंध्याचं तोंड

बाबांच्या रंध्याच्या तोंडात, पात्याच्या धारेसमोर, आता दहा रुपयांचं नाणं उभं सरकतं. रंधा बाबांच्या हातात होता तेव्हा त्या फटीतून पोस्टकार्डही अडखळत जायचं. ही वाढलेली फट माझ्या हातची आहे. रंधा चांगला करायला घेतला आणि तीन वर्षांत ती एवढी झाली.

बाबा नागपूरला मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वाढई होते. आमच्याकडे सुताराला वाढईच म्हणतात. छोट्या लाइनच्या डब्यांची दारं, बाकं, खिडक्यांच्या झडपा हे त्यांचं काम. २०१९ मध्ये नागपूर-नागभीडची छोटी गाडी बंद झाली, ते बघायला बाबा नव्हते. मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथे गेलो की माझं इंजिनांकडे फारसं लक्ष जात नाही. लाकूड दिसलं की मी त्यावर उजेड कुठून पडतो ते बघतो. हाताने रंधलेल्या फळीवर तिरप्या उजेडात पात्याचे रुंद, उथळ माग दिसतात; मशीनने काढलेल्या फळीवर आडव्या, सारख्या लाटा दिसतात. ते माग कुणाच्या हातचे हे सांगता येत नाही, पण मी शोधतो.

माझं दुकान लकडगंजला आहे. जुनं फर्निचर दुरुस्त करतो. वीसेक वर्षं झाली, आणि त्यातली पहिली सोळा-सतरा वर्षं मी हातरंध्याला फारसा हात लावला नाही. आसपास आरामशीन आहेत, लाकूड तासून मिळतं, उरलेलं विजेच्या रंध्याने होतं, वरून पॉलिश पेपर. बाबांचा रंधा फडताळात होता. दसऱ्याला बाहेर यायचा, हळदकुंकू, फूल, आणि परत आत.

मग महाल भागातल्या एका वाड्यातून सागवानी कपाट आलं. दोन दारं जुनी, शाबूत. तिसरं वाळवीने खाल्लेलं, ते नवीन करायचं होतं. नवीन दार मी मशीनवर काढलं, पेपर मारला, पॉलिश केलं आणि तिन्ही दारं शेजारी उभी केली. नवीन दार मेलेलं दिसत होतं. रंग जुळला होता, लाकूड एकाच जातीचं होतं, पण जुन्या दारांच्या अंगावर उजेड हलत होता आणि याच्या अंगावर तो नुसता पडून होता. वाड्याच्या मालकीणबाईंनी काही म्हटलं नाही, नुसता तिन्ही दारांवरून हात फिरवला. मी दार परत खाली घेतलं आणि फडताळातून रंधा काढला.

शिसवाचा, सोळा इंची रंधा. पातं शेफील्डचं, दोन इंच रुंद. वर कास्ट स्टीलचा ठसा, जेमतेम वाचता येतो. ही जुनी पाती दोन थरांची असतात, अंग मऊ लोखंडाचं आणि धारेच्या बाजूला पोलादाची पातळ पट्टी भट्टीत डाग देऊन बसवलेली. बाजूने सहाणेवर घासलं की दोन थरांमधली रेघ दिसते, दुधावरच्या सायीसारखी. पात्याला धार लावली, पाचर ठोकली आणि फळीवर चालवला. पहिल्या हातालाच लाकूड उपटलं. सागवानाच्या रेषा जिथे उलट्या फिरल्या होत्या तिथे तांदळाएवढे खड्डे पडले. शेवटी त्या दाराला पुन्हा पेपरच मारून द्यावा लागला. तो डाग मनावर अजून आहे. त्यानंतर मी हा नाद धरला.

बाबांच्या रंध्यावर शिकायला नको असं तेव्हा वाटलं, म्हणून आधी दुसरा शोधला. इतवारीतल्या लोहा ओळीच्या मागे एका भंगारवाल्याकडे बिडाचा एक रंधा मिळाला, ८०० रुपयांना. स्टॅन्लेचा पाच नंबर, चौदा इंची, 'मेड इन यू.एस.ए.' ओतलेलं. मागची मूठ अर्धी तुटलेली, सगळा गंजलेला, पण बिडाला तडा नव्हता. नखाने टिचकी मारली की स्वच्छ वाजायचा. आज जगभर जो लोखंडी रंधा चालतो त्याचा साचा लिओनार्ड बेली नावाच्या अमेरिकन कारागिराचा. १८६७ च्या सुमाराचे त्याचे पेटंट, १८६९ मध्ये स्टॅन्लेने विकत घेतलेले. चाक फिरवून पातं खालीवर. दीडशे वर्षांत त्यात फारसं काही बदललेलं नाही. म्हणून मला वाटलं होतं की दुरुस्ती म्हणजे गंज काढणं आणि धार लावणं, दोन रविवारांचं काम.

गंज निघाला. लिंबाच्या फुलाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, तारेच्या ब्रशने घासून, रॉकेलने पुसून. मूठ शिसवाची नवीन केली. इथपर्यंत सगळं हातातलं होतं. मग पात्याच्या खालची जी बैठक असते, जिला इंग्रजीत फ्रॉग म्हणतात, तिचा एक बोल्ट गायब आहे हे लक्षात आलं.

बोल्ट काय, लोहा ओळीत पोत्याने मिळतात. मी ६ मिलिमीटरचा आणला, दोन फेऱ्यांत अडकला. पाव इंची आणला, तो भोकात शिरेचना. मग लकडगंजच्याच एका खरादवाल्याकडे उरलेला जुना बोल्ट घेऊन गेलो. त्याने चुडी मोजायची पट्टी लावली, डोळ्यांजवळ धरली, पुन्हा लावली. "भाऊ, चुड्या पाव इंचीच्याच आहेत, इंचाला वीस. पण अंग बारीक आहे. हे काय आहे?" अंग साडेपाच मिलिमीटर भरलं. पाव इंच म्हणजे सहा पूर्णांक पस्तीस. स्टॅन्लेची ही जुनी चुडी, जी लोहा ओळीतल्या कुठल्याच बोल्टाला जुळत नाही. आणि खोली ठरवणाऱ्या पितळी चाकाची चुडी आणखी वेगळी, शिवाय डावी. आधीच्या कुणीतरी ते चाक उजवं समजून जोराने पिळलं होतं आणि निम्म्या चुड्या खाल्ल्या होत्या. खरादवाल्याने तीन बोल्ट वाया घालवून चौथा बरोबर काढला. पैसे घेताना तो संकोचला, कारण एका बोल्टाची मजुरी रंध्याच्या निम्म्या किमतीएवढी झाली होती. मी दिले. त्याची दुपार गेली होती.

अशा कामात माणूस थकतो तो मेहनतीने नाही. दिवसभर फळ्या उचलून मी थकत नाही. पण एका बोल्टापायी चार आठवडे रंधा टेबलावर उघडा पडलेला असतो आणि येताजाता दिसतो, त्याने थकायला होतं. बायको विचारायची, "झाला का तो?" आणि मला उत्तर देताना उगाच राग यायचा. तिच्यावर नव्हे, पण ऐकून घ्यायला तीच समोर असायची.

आता तळ. रंध्याचा तळ सपाट हवा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी बारा मिलिमीटर जाडीची काच कापून आणली, तिच्यावर ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवला, रंध्याच्या तळावर काळ्या मार्करने जाळी काढली आणि घासायला बसलो. जिथली शाई जाते तिथे तळ उंच, जिथली राहते तिथे खोल. पुढची आणि मागची शाई पाच मिनिटांत गेली. मधली जात नव्हती. एक संध्याकाळ, दोन संध्याकाळी. बीड घासताना राखाडी चिखल होतो, तो बोटांच्या रेषांत बसतो आणि साबणाने निघत नाही. चौथ्या संध्याकाळी सगळी जाळी गेली. मी पातं बसवलं, ते दाबून धरणारी वरची कॅप आवळली, पट्टी लावून उजेडाकडे धरलं. तोंडाच्या मागे उजेड दिसत होता.

कारण इतकं साधं होतं की पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीवर बसून राहिलो. कॅप आवळली की बिडावर ताण येतो आणि तळ किंचित वाकतो. कागदाएवढाच, पण वाकतो. म्हणजे घासायचा तो पातं आत ओढून, पण कॅप आवळलेल्या अवस्थेत. मी मोकळा घासला होता. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसऱ्या खेपेला नवीन दोष शिरला. हात पुढे ढकलताना टोकावर दाब येतो, मागे ओढताना शेपटीवर, त्यामुळे दोन्ही टोकं जास्त झिजतात आणि खोलगट तळ हळूहळू पोटाळ होतो. काचेवर ठेवला की डोलायला लागला. खोलगट रंधा एक वेळ चालतो. डोलणारा चालतच नाही.

तेव्हा कुणीतरी सुचवलं म्हणून हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सरफेस ग्राइंडिंगला दिला. त्यांचं यंत्र लोखंड चुंबकाने धरतं. चुंबकाने रंधा खाली ओढून धरला, वाक दाबला गेला, वरून चाक फिरलं, आरशासारखा सपाट तळ झाला. चुंबक सोडल्यावर बीड आपल्या मूळ वाकात परत आलं. आरशासारखा चमकणारा, वाकडा तळ. करणाऱ्याने प्रामाणिकपणे काम केलं होतं. रंध्याचे गाल पातळ असतात, त्याखाली कागदाच्या घड्या देऊन मग धरायला हवा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

ते दिवस मे महिन्याचे होते. नागपुरात मे म्हणजे ४५ च्या पुढे, आणि दुकानात दिवसरात्र कूलर. पुन्हा हाताने घासून, तीन संध्याकाळी घालवून, तळ जमत आला. रात्री मी तो तसाच टेबलावर ठेवला, कूलरच्या समोर, कारण कूलर समोर असतो तिथेच आपण बसतो. सकाळी तळावर नारिंगी पापुद्रा. कूलर रात्रभर ओलसर हवा मारत होता आणि नुकतं उघडं पडलेलं बीड तहानलेल्यासारखं ती पीत होतं. बाहेर हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि माझ्या टेबलावर पावसाळा. तेव्हापासून दिवसाचं काम संपलं की शिलाई मशीनचं तेल लावलेली चिंधी फिरवल्याशिवाय मी दिवा मालवत नाही.

पात्याचंही सांगितलं पाहिजे. त्याची धार लागायची, वस्त्र्यासारखी लागायची, हातावरचे केस जायचे, आणि दहा हातांत मोडायची. मी आधी लाकडाला दोष दिला. तो अगदीच खोटा नव्हता, कारण सागवानात वाळूचा अंश असतो, सिलिका, त्याने पोलाद झिजतं. आमच्याकडे येतं ते आलापल्ली, बल्लारपूरकडचं सागवान. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून लाकूड गेलं, तेव्हापासून गिऱ्हाईक आवर्जून विचारतं, तेच आहे ना. तेच आहे, आणि पात्याचा जीव खाणारंही तेच आहे. पण झिजलेली धार गोल होते. माझी धार मुडपत होती. पातं पुसून उजेडात धरलं तेव्हा धारेपासून थोड्या अंतरापर्यंत एक निळसर सावली दिसली. कुणीतरी ते विजेच्या ग्राइंडरवर धरून लाल होईपर्यंत घासलं होतं. पाणी उतरलेलं पातं.

पाणी देणं, पाणी चढणं, पाणी उतरणं. लोहाराच्या तोंडी हे शब्द रोजचे असतात. पोलाद तापवून विझवलं की ते काचेसारखं कडक होतं. मग पुन्हा मंद तापवायचं, वाळलेल्या गवताचा पिवळा रंग आला की थांबायचं. पिवळा पुढे तांबूस होतो, तांबूस जांभळा, जांभळा निळा. निळ्यावर गेलं की ते स्प्रिंगच्या कामाचं, धारेच्या नाही. मी पुन्हा पाणी द्यायच्या भानगडीत पडलो नाही. निळा भाग हाताने, ओल्या सहाणेवर, आठ मिलिमीटर मागेपर्यंत घासून टाकला. अकरा दिवस लागले, रोज अर्धा तास. ग्राइंडरवर दहा मिनिटांचं काम होतं, पण ज्याने ते पातं घालवलं त्यालाही दहा मिनिटंच लागली असतील.

इतकं सगळं झाल्यावर रंधा जोडला आणि सागवानावर चालवला. दोन हात सुंदर गेले. तिसऱ्याला थडथडला, छिलका तोंडात गच्च बसला, घडी पडून काळा गोळा झाला, आणि उलट्या रेषांवर तेच तांदळाएवढे खड्डे.

मी तळ घासायला पुन्हा काच काढली.

काका त्या दिवशी सहज आले होते. बाबांच्या बरोबरीने वर्कशॉपात होते, आता ऐंशीच्या पुढचे, बिनाकीला मुलाकडे राहतात. अधूनमधून दुकानात येऊन बसतात, चहा घेतात, भुशाचा वास घेतात आणि जातात. त्यांना मी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात बिडाचा रंधा फार वापरला नसेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो. ते बराच वेळ माझे हात बघत होते.

"काहून रे, वर्षभर तळच घासून राह्यला?"

मी सांगितलं, सपाट होत नाही म्हणून.

"आन इकडे."

त्यांनी कॅप सोडली, पातं काढलं. पात्यावर आणखी एक लोखंडी पट्टी स्क्रूने बसवलेली असते, पुढे वाकलेली. ती छिलका मोडते. आमच्याकडे तिला नुसतं वरचं पातं म्हणतात. काकांनी दोन्ही पाती जोडलेली तशीच धरली, दाराकडे तोंड केलं आणि एक डोळा मिटला.

"पाह्य. मधातून उजेड येऊन राह्यला."

मी बघितलं. वरच्या पात्याची कड खालच्या पात्याला दोन्ही कोपऱ्यांत टेकत होती आणि मध्ये केसाएवढी फट होती. तळाची फट शोधायला मी वर्षभर पट्टी घेऊन बसलो होतो. ही फट मी कधी बघितलीच नव्हती.

"छिलका याच्यात घुसते. मंग अडकते, अन् रंधा थडथडते. तळाचा काय दोष हाय त्याच्यात?"

त्यांनी कानस मागितली. सहाणेच्या कडेवर वरचं पातं ठेवलं, मागचा भाग किंचित खाली धरला, म्हणजे टेकायची ती नुसती पुढची कड टेकेल, आणि सात-आठ वेळा ओढलं. पुन्हा उजेडाकडे. पुन्हा तीन वेळा. मग पुढचा उतार कानशीने थोडा उभा केला. दोन पाती जोडली, स्क्रू अर्धवट आवळला आणि वरचं पातं धारेकडे सरकवत नेलं, इतकं की मला वाटलं, धारेच्या पुढेच जाईल. अंगठ्याचं नख धारेवर आडवं ठेवून त्यांनी थांबवलं. धार आणि वरच्या पात्याची कड यांच्यात चांदीच्या तारेसारखी एक रेघ उरली होती. "एवढीच." मी आजवर तिथे दीड-दोन मिलिमीटर ठेवत आलो होतो, डोळ्यांना नीटनेटकं दिसतं म्हणून.

रंधा चालवला. आवाज बदलला. रेशमी कापड फाडतात तसा एकसारखा, आणि छिलका तोंडातून गोल न होता सरळ वर उभा राहत आला, कागदाच्या पट्टीसारखा. उलट्या रेषांवरून गेला. मी वाकून उजेडात बघितलं, खड्डा नव्हता. तळ अजूनही मधून थोडा खोलच होता.

"तुहा बाप असा पट्टी घेऊन नाही बसे," काका म्हणाले. "नखानं पाहे, अन् लागे कामाले."

पुढे वाचनात आलं की जपानमधल्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो या दोन प्राध्यापकांनी हेच यंत्रावर पातं चालवून, जवळून चित्रण करून तपासलं होतं. वरचं पातं धारेपासून साधारण एकदशांश मिलिमीटरवर आणलं आणि त्याची पुढची कड उभी ठेवली की छिलका लगेच वाकतो, लाकूड फाटत पुढे पळायला त्याला फुरसत मिळत नाही. ते वाचताना आनंद झाला आणि त्यात दुःखही होतं. हे बाबांच्या नखाला ठाऊक होतं. मी त्यांच्या शेजारी उभा राहून मोठा झालो आणि विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, कारण मी पुढे हिशेब लिहायच्या नोकरीला लागेन असं दोघांनाही वाटत होतं.

मधल्या काळात बाबांच्या रंध्याचं मी जे केलं ते असं. बिडाच्या रंध्याने दमवलं की मी लाकडी रंधा हातात घ्यायचो. त्याचा तळ तरी लवकर सपाट होतो, दुसऱ्या रंध्याने दोन हात मारले की झालं. पहिल्यांदा उन्हाळ्यात बघितला. पट्टी लावली तर तळ आडव्या अंगाने खोलगट. दोन्ही कडा उंच, त्या काढल्या, सपाट केला. श्रावणात पुन्हा बघितला तर मधला भाग फुगलेला. तो काढला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खोलगट. पुन्हा कडा काढल्या. मला वाटायचं, लाकूड जुनं झालं, वेडंवाकडं वागतंय.

लाकूड अगदी शहाण्यासारखं वागत होतं. रंध्याचा ठोकळा कापतात तेव्हा झाडाची साल ज्या बाजूला असते ती बाजू तळाला ठेवतात, गाभ्याकडची वर. वाळताना सालीकडची बाजू जास्त आकसते आणि खोलगट होते, दमट हवेत तीच फुगते. नागपूरची हवा मे महिन्यात भट्टी आणि ऑगस्टमध्ये ओलं फडकं. ठोकळा वर्षातून एकदा आत आणि एकदा बाहेर श्वास घेणार, आणि मी दोन्ही वेळा त्याला सपाट करायला पट्टी घेऊन उभा. मी ज्या दिवशी सपाट करायचो त्या दिवसापुरताच तो सपाट असायचा.

लाकडी रंध्यात प्रत्येक वेळी तळ काढला की तोंड उघडतं. पातं ४५ अंशांत कललेलं असतं, तोंड वर रुंद आणि खाली अरुंद असतं, म्हणून तळ जसजसा जातो तसतशी फट वाढते. मी ते दर वेळी बघत होतो आणि बघितलं नाही असं करत होतो. पेपराची फट, मग पुठ्ठ्याची, मग नाण्याची.

बाबा दर वर्षी दसऱ्याला अवजारांची पूजा करत, पण तळाला हात लावत नसत. दिवाळीच्या सुट्टीत, उन्हात सतरंजी टाकून, एकदाच बघत. बहुतेक वेळा बघून तसाच ठेवत, बेलतेलाचे दोन हात देत. जवसाच्या त्या तेलाचा वास माझ्या दिवाळीच्या आठवणीत चिवड्याच्या वासात मिसळलेला आहे. सुट्टी असते म्हणून दिवाळी, असं मी समजत होतो. हवा ना कोरडी ना ओली, ठोकळा आपल्या मधल्या मापावर आलेला, असे ते दिवस असतात. पात्याच्या दोन्ही बाजूंना ते नखभर मोकळी जागा ठेवायचे, तीही मला ढिलाई वाटायची. उन्हाळ्यात ठोकळा आकसून पात्याला चिमटा बसतो आणि गाल फुटतो, म्हणून ती जागा.

तोंड लहान करता येतं. तळाला तोंडासमोर खाच घ्यायची, तिच्यात कडक लाकडाचा तुकडा आडवा बसवायचा, सरस लावायचा. ही नेहमीची दुरुस्ती आहे. बऱ्याच जुन्या रंध्यांच्या तळाला असे तुकडे बसवलेले दिसतात. मी शिसवाचा तुकडा काढला, रेषा जुळवल्या, कडा रंधून घेतल्या. त्या महालच्या कपाटाच्या दुरुस्तीत जेवढी काळजी घेतली नव्हती तेवढी या सव्वा इंची तुकड्यासाठी घेतली. मग खाच आखायला रंधा उलटा केला आणि थांबलो. पटाशी हातात होती. खाच म्हणजे आणखी पाव इंच खोल, बाबांनी कोरलेल्या लाकडातून. काकांना दाखवला.

त्यांनी नाणं घालून बघितलं, काढलं, मला परत दिलं. "होऊ दे मोठं. वरचं पातं जवळ आन. चालते."

चालतो. वरचं पातं चांदीच्या तारेएवढं जवळ आणलं की एवढ्या उघड्या तोंडानेही सागवान उपटत नाही. अगदी शेवटच्या हाताला, फार नागमोडी रेषांवर कुठे एखादा टवका जातो. बारीक कामाला बिडाचा आहेच. बाबांचा मी मोठं, भराभर काढायचं काम असतं तिथे वापरतो, त्याच्या पात्याच्या धारेला थोडी गोलाई देऊन. मालकीणबाईंच्या कपाटाचं दार मी या उन्हाळ्यात परत मागवून घेतलं. पेपर मारलेला पृष्ठभाग आधी बाबांच्या रंध्याने काढला, शेवटचे हात बिडाच्या रंध्याचे. मजुरी लावली नाही. तिन्ही दारं शेजारी उभी केली तेव्हा संध्याकाळचा उजेड होता, आणि बाईंनी मागच्यासारखाच हात फिरवला, या वेळी तिसऱ्या दारावर थोडा जास्त वेळ.

शिसवाचा तुकडा पात्यांच्या डबीत ठेवला आहे. आता भाद्रपद आहे. काल बाबांच्या रंध्याला पट्टी लावली, तळ मधून फुगला होता, दोन्ही कडांकडून उजेड येत होता. पट्टी परत खिळ्याला अडकवली, पाचर ठोकली आणि फळी घेतली.